रेम्ब्रांटची 'पवनचक्की' (१६४१): हिला वास येत होता

शाईवाली

मंडळी, चित्रकला विभागात बऱ्याच दिवसांत कुणी फिरकलेलं दिसत नाही. जळमटं काढायला हा धागा.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरून सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटची छापचित्रं फुकट उतरवून घेता येतात, तीही चांगली मोठ्या आकारात. त्यातलं १६४१ सालचं 'पवनचक्की' हे अम्लरेखन मी ओट्यासमोर चिकटवलंय. (अम्लरेखन हा पुस्तकातला शब्द. आम्ही सगळे एचिंगच म्हणतो.) मूळ छाप साधारण १४.५ बाय २१ सेंटीमीटरची, म्हणजे शंभरपानी वहीएवढी. एक गिरणी, तिला खेटून बसकं घर, लांबवर पसरलेली सपाट जमीन आणि बाकी नुसतं आभाळ. सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "किती शांत गाव आहे गं हे."

मलाही तसंच वाटायचं. पण हे गाव नाहीच. ही गिरणी अ‍ॅम्स्टरडॅमच्या तटावर, पासेर्डर नावाच्या बुरुजावर उभी होती. मालकी चामडं कमावणाऱ्यांच्या संघाची. कातडं मऊ करायला कॉड माशाच्या यकृताचं तेल वापरत, त्याची दुर्गंधी इतकी की लोकांनी तिचं नावच 'क्लाइने स्टिंकमोलन' ठेवलं. मराठीत सरळ 'धाकटी घाणगिरणी' म्हणा. घाणा नव्हे, घाण.

एकोणिसाव्या शतकात ही गिरणी रेम्ब्रांटच्या वडिलांची असं मानत. वडील हार्मेन खरंच गिरणीवाले होते, पण लायडनला, आणि त्यांच्याकडे बिअरसाठी माल्ट दळलं जाई. बापाच्या आठवणीने हळवा झालेला मुलगा ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, म्हणून ती टिकली असणार.

आता माझा खरा मुद्दा. या चित्रातल्या आभाळाकडे जवळून बघा. कोऱ्या कागदावर बारीक, वेड्यावाकड्या, जाळ्यासारख्या रेघा दिसतील. त्या सुईने काढलेल्या नाहीत. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळ-डांबराचा पातळ थर देतात, त्याला ग्राउंड म्हणायचं. सुईने तो थर खरवडला की तिथलं तांबं उघडं पडतं, अ‍ॅसिड तेवढंच खातं आणि त्या खाचेत शाई बसते. ग्राउंडला तडे गेले तर अ‍ॅसिड तिथेही शिरतं. इथे नेमकं तेच झालंय.

हे मला कळतं, कारण माझ्या पहिल्याच प्लेटचं असंच झालं होतं. संध्याकाळचा एक वर्ग लावला होता. झिंकची प्लेट, डिसेंबरचा महिना, ग्राउंड मी जरा जाडच दिलं. टबात प्लेट सोडली, रेघांवर बुडबुडे यायला लागले, मी कौतुकाने कोंबडीच्या पिसाने ते झाडत बसले. आणि बघते तर जिथे काही काढलंच नव्हतं तिथूनही बुडबुडे. प्रूफ (चाचणीची छाप) काढलं तेव्हा आभाळभर कोळ्याचं जाळं. सर म्हणाले, "घासून टाका, परत करा." मी घासली. रेम्ब्रांटने घासली नाही, उलट खाली सही करून साल टाकलं. छापात सगळं उलटं उमटतं, म्हणजे ती सहीही पत्र्यावर त्याने उलटी लिहिलेली.

मला त्या तड्यांमध्ये गिरणीच्या आजूबाजूची हवा दिसते. कोंदट, तेलकट. वास काही छापता येत नाही, पण इथे काहीतरी उमटलंय असं वाटत राहतं. आणि मग प्रश्न पडतो: हे चित्र श्रमाचं आहे का? असेल तर कुणाच्या?

*

अण्णा सातारकर

छान धागा. आमच्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघून बघून डोळे मेले आहेत. तिथे श्रम कुणाचा विचाराल तर पात्यांखाली खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनचा.

एक शंका. 'पवनचक्की' म्हटलं की आपल्याला पीठच आठवतं. चामड्याला चक्की कशाला?

*

शाईवाली

अण्णा, शब्दानेच घोळ केलाय. डच लोक 'मोलन' म्हणतात आणि त्यात काहीही चालतं. धान्य, तेलबिया, लाकूड कापणं, कागदाचा लगदा, पाणी उपसणं. वाऱ्याने फिरणारा आडवा दांडा वर, त्यावरचं मोठं दातेरी चाक एका उभ्या खांबाला फिरवतं. खाली त्या खांबाला जातं जोडा की पीठ, कॅम (खांबाबरोबर फिरत ठोकळा उचलणारा दाता) जोडून जड ठोकळे वरखाली करा की कुटणं. कातड्यात तेल मुरवायचं तर ते कुटत, मळत राहावं लागतं. माणसाने पायाने तुडवायचं ते काम वाऱ्यावर टाकलेलं.

*

गिरणगावचा

मराठीत 'गिरणी' शब्दात पीठ आणि कापड दोन्ही येतं, म्हणून तुमचं भाषांतर मला 'पवनचक्की'पेक्षा आवडलं. वडील बत्तीस वर्षं विणाई खात्यात होते. घरी टीव्ही एवढा मोठा लावायचे की शेजारचे भिंत ठोकायचे. खात्यात एकमेकांशी बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ वाचणं. ८२ च्या संपानंतर सगळं शांत झालं, पण त्यांच्या कानांना तोवर काही उरलं नव्हतं.

सासूबाईंना 'शांत' वाटलं यावर मला हसू आलं नाही, एवढंच. त्या ठोकळ्यांचा आवाज केवढा असेल!

*

तिकडची मी

गिरणगावचा, अगदी बरोबर. इथे नेदरलँड्समध्ये तेलाच्या गिरण्यांत काम करणारे लोक बहिरे होत. दिवसभर ठोकळ्यांचे घाव. मी अ‍ॅम्स्टेलफेनला राहते, झान नदीकाठच्या गिरण्या पाहुण्यांना दाखवायला वर्षातून तीनदा तरी जाणं होतं. तिथली तेलाची गिरणी चालू असताना आत दोन मिनिटं उभं राहिलं की पोटात धडधडतं. पाहुणे मात्र बाहेर लाकडी बुटांत पाय घालून फोटो काढत असतात.

सतराव्या-अठराव्या शतकात त्या भागात शेकड्यांनी गिरण्या होत्या. तो जुन्या काळचा कारखान्यांचा पट्टाच. लाकूड कापायची वाऱ्याची करवत १५९० च्या दशकात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या माणसाने काढली, तेव्हा अ‍ॅम्स्टरडॅमच्या हाताने करवत ओढणाऱ्यांच्या संघाने विरोध केला आणि धंदा झानकडे गेला. यंत्र आलं की काय होतं ही काळजी गिरणगावाच्या कितीतरी आधीची.

*

उलटतपासणी

धागा वाचतोय, मजा येतेय, पण जरा थांबा. तुम्ही सगळे चित्रात नसलेल्या गोष्टी चित्रात घालताय. रेम्ब्रांट १६४० च्या सुमारास शहराबाहेर, तटावर फिरायला लागला. बायको सास्किया आजारी, मुलं एकामागून एक गेलेली, १६३९ मध्ये १३,००० गिल्डरचं (तेव्हाचं डच चलन) घर उरावर घेतलेलं. माणूस मोकळी हवा खायला बाहेर पडला, समोर गिरणी दिसली, काढली. त्याच साली झोपड्यांची, गवताच्या गंजीची एचिंग्जही केली. अशा चित्रांना गिऱ्हाईक होतं. त्याला श्रमाविषयी बोलायचं असतं तर त्याने माणूस मोठा काढला असता.

*

शाईवाली

मोकळी हवा खायला घाणगिरणीपाशी? ;-)

पण तुमचा शेवटचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. त्याला कष्टकरी माणूस काढता येत नव्हता असं नाहीच. १६३२ चा उंदरांचं औषध विकणारा फेरीवाला बघा. काठीला टोपली, टोपलीवर उंदीर, दारातला गिऱ्हाईक तोंड फिरवतोय. १६३५ ची पॅनकेक तळणारी म्हातारी, भोवती पोरांचा गराडा. त्याआधीचे भिकारी तर कितीतरी. मग १६४१ मध्ये बुरुजावर येऊन चित्राची नायिका कोण, तर इमारत. माझं म्हणणं असं की त्याने तिचं व्यक्तिचित्र केलंय. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तो ज्या चिकाटीने काढतो, त्याच चिकाटीने इथे फळ्या, जोड, पात्यांची जाळी काढली आहे. कुठला वासा कशाला टेकलाय ते कळतं. वापरून झिजलेली वस्तू आहे ही. गिरणीवाल्याच्या मुलाला पातं कसं बसवतात हे कुणी शिकवायला नको होतं.

*

अण्णा सातारकर

ताई, गिरणीवाल्याचा मुलगा म्हणजे कष्टकरी घरचा असं समजू नका हं. आमच्या गावात गिरणीवाल्याचं घर पहिलं सिमेंटचं झालं.

*

शाईवाली

हाहा, मान्य. हार्मेन गिरणीत भागीदार होते, घर खाऊनपिऊन सुखी. आई बेकरीवाल्याची मुलगी. पोराला लॅटिन शाळेत घातलं, १६२० मध्ये लायडन विद्यापीठात नावही नोंदवलं. अंगावर पीठ उडत होतं ते बहुधा गड्यांच्या.

*

साधा माणूस

नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

आमचे आजोबा कातडी कमवायचे. घर गावाच्या ओढ्याच्या खालच्या अंगाला. चुन्याचा हौद, त्यात कातडं टाकून केस सुटे करायचे, मग रापीने मांस खरवडायचं. पुढे बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याची पिशवी शिवून त्यात तो काढा भरायचा आणि टांगून ठेवायची. खालून थेंब थेंब गळत राहायचा, तो परत वरून ओतायचा. कोल्हापुरी चप्पल पायात घालणाऱ्यांना ती लटकलेली पिशवी माहीत नसते. आजोबांच्या नखांचा रंग शेवटपर्यंत गेला नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर एसटीत बसायचो तेव्हा आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मला वाटायचं आम्हाला ऐसपैस बसायला दिलंय.

उलटतपासणी साहेब म्हणतात माणूस मोठा काढला असता. साहेब, आमच्याकडेही लोकांना चप्पल दिसायची, माणूस नाही दिसायचा. त्या मानाने या चित्रकाराने निदान गिरणीसमोर उभं राहून ती नीट बघितली. नाकाला रुमाल लावून का होईना.

फरक एक वाटतो. तिथे चामडेवाल्यांचा संघ होता, संघाची स्वतःची गिरणी होती. वास येतो म्हणून कडेला ठेवलं असेल, पण बैठकीत बसायला जागा होती. आजोबांना ना जागा होती ना धंदा बदलायची मुभा.

*

गिरणगावचा

दादा, लिहीत जा. एवढंच म्हणतो.

*

तिकडची मी

साधा माणूस, तुमचं वाचून नकाशा काढून बसले. पासेर्डर्सग्राख्त हा कालवा अजून आहे. त्याच्या जवळच लोयर्सग्राख्त, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा कालवा. थोडं पुढे हौडनस्ट्राट, कातड्यांची गल्ली. आणि रुनस्ट्राट. 'रुन' म्हणजे कातडं कमवायला लागणारी ओकची कुटलेली साल. तुमच्या बाभळीची डच बहीण!

मी या गल्ल्यांतून शंभरदा गेले असेन. हा सगळा भाग आता शहरातला सगळ्यात नखरेल. बुटिकं, कॉफी, सुगंधी मेणबत्त्या. चिकटून असलेला योर्डान हा भाग १६१२ नंतर शहर वाढवलं तेव्हा कष्टकऱ्यांसाठी आणि वास मारणाऱ्या धंद्यांसाठी ठेवला होता. चित्रातली गिरणी त्याच टोकाला. नावं रस्त्यांवर राहिली, वास गेला.

*

उलटतपासणी

साधा माणूस, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही.

मूळ चर्चेपुरतं: धाग्यात कुणीतरी खेड्यातल्या श्रमाचं चित्र म्हणेल अशी भीती होती, ते झालं नाही, बरं झालं. पण खेडं यात अजिबात नाही असंही नाही. कातडं गोठ्यातून येतं आणि तेल समुद्रातून. शहराच्या बुरुजावर दोन्ही एकत्र होतात. लांबवर दिसते ती सपाट जमीनही फुकटची नाही. त्या देशात सखल भाग पंप बंद पडले की पाण्याखाली जातो. बेमस्टर हे अख्खं सरोवर १६१२ मध्ये गिरण्यांनी उपसून कोरडं केलं आणि त्यावर शेती उभी राहिली. म्हणजे चित्रात जे 'निसर्ग' म्हणून दिसतं तेही कुणीतरी केलेलं काम. हा मुद्दा मी माझ्याच विरोधात मांडतोय, नोंद घ्यावी.

*

अण्णा सातारकर

नोंद घेतली. :-)

पात्यांवर कापड लावायचे असं ऐकलं होतं, ते कसं?

*

तिकडची मी

हो काका, शिडाचं कापड. वारा कमी तर पूर्ण उलगडायचं, वारा वाढला तर गुंडाळून अर्धं. प्रत्येक वेळी ब्रेक लावून गिरणी थांबवायची, एक पातं खाली आणायचं, त्याच्या लाकडी जाळीवर पाय देत वर चढायचं, कापड बांधायचं, उतरायचं, मग दुसरं पातं. अशी चार. जानेवारीत, बर्फाळ वाऱ्यात. शिवाय वारा फिरला की गिरणीचं तोंड फिरवायचं, मागच्या लांब दांड्याला दोर लावून. रात्री वादळ आलं तर उठून हे सगळं. गिरणीवाला झोपेतही आभाळ ऐकत असतो असं इथल्या एका हौशी गिरणीवाल्याने मला सांगितलं होतं. असे बरेच आहेत इथे, शनिवारी जुन्या गिरण्या फुकट चालवतात. २०१७ मध्ये युनेस्कोने गिरणीवाल्यांचं कसब वारशाच्या यादीत घेतलं.

डचमध्ये एखाद्याचं डोकं फिरलंय म्हणायचं असेल तर 'याला गिरणीचा तडाखा बसलाय' म्हणतात. फिरत्या पात्याचा. गंमत म्हणून बोलतात, पण कुणाला तरी खरंच बसल्याशिवाय असा वाक्प्रचार येत नाही.

आणि गिरणी थांबवतानाही पाती कशी उभी करायची याचे संकेत आहेत. वरचं पातं सर्वोच्च जागेच्या किंचित अलीकडे ठेवलं तर घरात आनंद, किंचित पुढे गेलं तर दुखवटा. लांबच्या शेतातल्या माणसाला कळायचं.

*

शाईवाली

हे माहीत नव्हतं! आता ओट्यापाशी गेले की पात्यांचा कोनच बघत बसणार. (आधीच कळवते, चित्रातल्या गिरणीला सुतक आहे की बारसं यावर अंदाज बांधणार नाही. छाप उलटी असते, डोकं फिरेल. तडाखा बसेल.)

*

वेंगुर्लेकर

उशिरा आलो. सगळा वाचलंय.

तुमी त्या वासाचा एवढा कौतुक करतास, आमका तो घरचोच. मोरी माशाच्या (शार्क) यकृताचा तेल काढून होडयेक लावतत, लाकूड कुजू नये म्हणान. मोठ्या काहिलीत कड येता तेवा वाऱ्याच्या खालच्या घरात जेवण जायना नाय. आजी म्हणा, "ज्येका वास सोसना नाय तेना होडयेत पाय ठेवचो नाय."

प्रमाण भाषेत एक गोष्ट सांगतो. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, १६३७ पासून. तिचे अवशेष अजून गावात उभे आहेत, झाडोरा माजलेले. म्हणजे ताईंच्या ओट्यासमोरचं चित्र अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापलं जात होतं तेव्हा त्याच शहराचे व्यापारी आमच्या बंदरात बसून हिशेब लिहीत होते. त्यांना आमच्या किनाऱ्यावरचा तेलाचा वास ओळखीचा वाटला असेल की काय, असं उगाच वाटून गेलं.

*

अण्णा सातारकर

वा! हा धागा कुठून कुठे गेला.

*

शाईवाली

वेंगुर्लेकर, _/\_

एक अपडेट. तुम्हा सगळ्यांमुळे मी पुन्हा प्लेट केली. विषय आमच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी: पट्टा, हॉपर आणि दारातल्या डब्यांची रांग. यावेळी ग्राउंड मुद्दाम जाड दिलं आणि प्लेट तासभर फ्रीजमध्ये ठेवली. तडे हवे होते. एकही गेला नाही. गुळगुळीत आभाळ आलंय, अगदी प्लास्टिकसारखं. सासूबाई म्हणाल्या, "हे चांगलं आलंय, स्वच्छ."

*

उलटतपासणी

प्रूफ टाका की इथे.

*

शाईवाली

टाकते. आधी घासून परत करते.

*

तिकडची मी

मी रविवारी गेले होते पासेर्डर्सग्राख्तला. वारा होता, वास नव्हता. बुरुजाच्या जागी आता रस्ता आणि सायकली. परत येताना हार्डवेअरच्या दुकानात खिडक्या पुसायचं चामडं घेतलं. इथे त्याला 'झेम' म्हणतात, आपल्याकडे गाडी पुसायला शॅमी मिळतं त्यातलंच अस्सल. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय: कॉडच्या तेलात कमावलेलं. त्याच घाणगिरणीच्या कुळातलं.

कोरडं असताना काहीच कळेना. घरी येऊन सिंकमध्ये कोमट पाण्यात भिजत घातलं आणि वर कपडे वाळत घालायला गेले. खाली आले तर नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा, "आज मासे आणलेस? सांगितलं नाहीस."

साधा माणूस, दोन जास्तीचे घेतलेत. डिसेंबरात पुण्याला येतेय, एक तुमच्यासाठी आणते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.